वाफेचे भांडे

घरात नवे यंत्र आले की आधी त्याला जागा शोधावी लागते आणि मागाहून त्याच्या खोडी. गेल्या वर्षी दिवाळीला पंधरा दिवस असताना माझ्या धाकट्या भावाने पुण्याहून आपल्या भाचीसाठी विजेवरची भट्टी पाठवली. दुकानात तिला 'ओटीजी' म्हणतात. अप्पांनी खोके उघडल्या क्षणी तिचे नाव भट्टी ठेवले आणि आमच्या घरात तेच चालू झाले. भवानी पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत तिला जागा मिळाली ती पिठाच्या डब्यांवर. डबे खाली, भट्टी वर. पीठ हवे असले की भट्टी हलवायची. पहिल्या आठवड्यात आम्ही भाजले कमी आणि हलवले जास्त.

भट्टी म्हटले की माझ्या वयाच्या सोलापूरकराला नानकटाई आठवते. दिवाळीच्या दिवसांत मैदा, साखर आणि तूप डब्यांत भरून बेकरीत न्यायचे, पत्र्यावर गोळे मांडायचे आणि नंबर येईपर्यंत पोत्यावर बसून राहायचे. आईबरोबर मी जात असे. पत्रे आत सारण्याआधी भट्टीवाला बांबूला बांधलेले ओले गोणपाट भट्टीच्या तळावरून फिरवी. 'फस्स' असा आवाज होई आणि भट्टीच्या तोंडातून पांढरा लोट बाहेर येई. मला वाटे, तो राख पुसतो आहे. राख तर तो पुसतच होता; पण त्या ओल्या गोणपाटाचे आणखीही एक काम असते, हे मला कळायला चाळिशी उलटावी लागली.

माझ्या लेकीला नानकटाईत रस नव्हता. तिला करायचा होता पाव. तोही आपला मऊ लादीपाव नव्हे, तर वरून कडक, तुकतुकीत, फोडताना कुरकुरणारा. यूरोपातल्या गोष्टींच्या पुस्तकांत गरीब मुले चोरतात तसला. तिचा पहिला पाव बाहेर आला तेव्हा त्याचे कवच चिपाडासारखे फिके होते आणि एका कुशीला तो फुटून आतला लगदा बाहेर डोकावत होता. चव बरी होती. आमच्या ह्यांनी तो चहात बुडवून खाल्ला आणि 'छान टोस्ट झालाय' म्हणाले. लेक दिवसभर त्यांच्याशी बोलली नाही.

मग तिने शोध लावला की भट्टीत वाफ नव्हती, म्हणून हे झाले. भाजण्याच्या पहिल्या दहापंधरा मिनिटांत भट्टीत भरपूर वाफ लागते. मी म्हटले, पाव भाजायचा आहे की इडली उकडायची आहे? तिने मला समजावून सांगितले आणि ते मला चटकन समजले, कारण मी रोज तेच करते. ज्वारीची भाकरी तव्यावर टाकली की आपण वरच्या अंगाला पाण्याचा हात फिरवतो. का? तर वरचे अंग आधी सुकले की त्याला तडे पडतात, आतली वाफ तड्यांतून निसटते आणि भाकरी फुगत नाही. पावाचे तेच. भट्टीच्या कोरड्या आचेत त्याची कातडी आधी सुकून ताठ होते. आत तो अजून फुगतच असतो, मग जिथे कच्चे सापडेल तिथे फोडून बाहेर येतो. वाफ असली की ती गार पिठाच्या गोळ्यावर पाणी होऊन बसते, कातडी ओली आणि ताणती राहते, वरचे पीठ शिजून खळीसारखे होते आणि पुढे त्यालाच तकाकी चढते. बेकरीच्या मोठ्या भट्टीत शेपन्नास पाव एकदम असतात; त्यांच्या अंगची वाफच पुष्कळ होते. घरच्या भट्टीत एकटा पाव. तो वाफ आणणार कुठून? ऑगस्ट झांग नावाच्या एका व्हिएन्नाच्या माणसाने १८३९ च्या सुमारास पॅरिसात बेकरी काढली, ती ह्या वाफेच्या भट्टीच्याच जोरावर, असे लेकीने मला वाचून दाखवले. पॅरिसच्या लोकांना पाव शिकवायला व्हिएन्नाहून माणूस यावा लागला, ह्याचे मला बरे वाटले. आमच्याकडेही पाव पोर्तुगीजांनी आणला.

तर आता प्रश्न उरला भांड्याचा. भट्टीच्या तळाशी एक रिकामे भांडे तापत ठेवायचे आणि पाव आत सारताच त्यात पाणी ओतायचे; की झाली वाफ. लेकीने मला विचारले, "आई, कोणतं भांडं घेऊ?" आणि मी, बालवाडीत पंधरा वर्षे 'गरम वस्तूला हात लावायचा नाही' हे गाणे म्हणून घेणारी बाई, फडताळातून माझ्या लग्नात आलेले काचेचे जाड भांडे काढून तिच्या हातात दिले. त्याच्या बुडाशी 'भट्टीत चालेल' अशा अर्थाचे इंग्रजी शब्द कोरलेले होते. माझे विज्ञान मॅट्रिकला संपले. पण छापील आणि कोरीव अक्षरावर माझा विश्वास अजून शिल्लक आहे. कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसाचा तो असतोच.

भट्टी दोनशे तीस अंशांवर अर्धा तास तापली. लेकीने दार उघडले, पाव आत ठेवला आणि नळाच्या पाण्याचा पेला त्या भांड्यात ओतला.

बंदुकीचा बार व्हावा तसा आवाज झाला. भांड्याचे तुकडे झाले, पाणी तापलेल्या कांबींवर गेले, घरातली वीज गेली आणि अंधारात पांढऱ्या लोटाने आम्हा दोघींची तोंडे झाकून टाकली. एक तुकडा माझ्या पायापाशी येऊन पडला आणि फरशीवर चर्रर्र करत राहिला. लेकीच्या चष्म्यावर वाफ बसली होती म्हणून ती मागे सरकली होती; चष्मा नसता तर ती वाकून पाहत राहिली असती. तिच्या उजव्या मनगटाला चटका बसला, एवढ्यावर निभावले.

पेठेत माग रात्री उशिरापर्यंत खटखटतात. त्यांतून आवाज ऐकून अप्पा बाहेरच्या खोलीतून उठून आले. मी त्यांना इतक्या लगबगीने चालताना बऱ्याच वर्षांत पाहिले नव्हते. त्यांनी काही विचारले नाही. नातीचा हात धरला, मोरीत नेला आणि नळ सोडला.

"वीस मिनिटं. हात काढायचा नाही. बर्फ नको, पेस्ट नको, काही नको."

मी हळद आणायला निघाले होते, ती तिथेच थांबले.

"माझ्या हातावर त्यांनी शाई ओतली होती," अप्पा म्हणाले.

इथे मला अप्पांविषयी थोडे सांगितले पाहिजे. सोलापुरात पहिली कापडगिरणी १८७७ साली सुरू झाली. पुढे आणखी निघाल्या आणि शंभर वर्षे ह्या गावाने भोंग्यावर घड्याळ लावले. अप्पा त्यांतल्या एका गिरणीत बॉयलरवर होते. गिरण्या एकामागून एक बंद पडल्या; अप्पांचीही गेली. मग त्यांनी एका मागाच्या कारखान्यात राखणदारी केली. आमच्या घरात गिरणीच्या पगाराच्या गोष्टी होत, संपाच्या होत, भोंग्याच्या होत. बॉयलरची गोष्ट कधी होत नसे. अप्पा बारा महिने पूर्ण बाह्यांचा सदरा घालतात. सोलापूरचा मे महिना ज्याने पाहिला आहे त्याला ह्या वाक्याचा अर्थ वेगळा सांगायला नको. डाव्या हाताला कोपरापासून खाली भाजल्याचा डाग आहे, एवढे मला ठाऊक होते. मी पाच वर्षांची असताना ते झाले. कसे झाले ते आईला विचारले की ती 'वाफ लागली' म्हणे आणि कामाला लागे.

त्या रात्री मोरीच्या उंबऱ्यावर बसून, नातीचा हात नळाखाली धरून, अप्पांनी ते सांगितले. बॉयलरच्या तोंडाशी एक उभी काचेची नळी असते. बॉयलरात पाणी किती आहे ते तिच्यावरून कळते. पाणीवाल्याचा जीव त्या नळीत. तिच्या भोवती जाड काचेचे कवच बसवलेले असते, नळी फुटली तर तुकडे अंगावर येऊ नयेत म्हणून. त्या पाळीला कवच काढून ठेवलेले होते. का, ते कोणी सांगितले नाही. पहाटेच्या वेळी अप्पा पातळी बघायला पुढे झाले आणि नळी फुटली. 

"काच लागली नाही मला. कोंबडी ओरडते तसा आवाज झाला आणि हात गेला असं वाटलं. दिसलं काहीच नाही."

"वाफ दिसली नाही?" लेकीने विचारले.

"वाफ दिसत नसते. पांढरं दिसतं ते गार झालेलं पाणी. किटलीच्या तोटीपाशी बघ उद्या. तोटीला लागून बोटभर जागा मोकळी दिसते आणि मग पांढरं सुरू होतं. ती मोकळी जागा मोकळी नसते. तिथं बोट घालायचं नाही."

दुसऱ्या दिवशी लेकीने आपल्या विज्ञानाच्या पुस्तकातून काढून दाखवले. एक ग्रॅम पाणी शून्यापासून उकळीपर्यंत न्यायला शंभर कॅलरी उष्णता लागते. आणि त्याच उकळत्या पाण्याची वाफ करायला आणखी पाचशे चाळीस. वाफ कातडीवर टेकून पुन्हा पाणी झाली की ती सगळी पाचशे चाळीस तिथे ठेवून जाते. आणि पाण्याची वाफ झाली की ती सोळा-सतराशे पट जागा मागते. पेलाभर पाण्याला आमचे सगळे फडताळ पुरले नसते. अप्पांनी हे आकडे शांतपणे ऐकून घेतले. त्यांना ते हाताने माहीत होते.

मला वाटले होते, आता ही भट्टी पुन्हा खोक्यात जाणार. मीच ती बांधायला सुतळी काढली. पण अप्पा म्हणाले, "भट्टीनं काय केलं? भांडं चुकलं." आणि ते पाटावर बसले, नातीला म्हणाले, "घरातली सगळी भांडी आण."

पुढचा तासभर आमच्या घरात बॉयलर इन्स्पेक्टरची भेट चालली होती. अप्पा एकेक भांडे हातात घेत, बोटाच्या पेराने वाजवत आणि बाजूला ठेवत. आधी पितळी परात आली. परात जाड, पण आतून कल्हई. कल्हई म्हणजे कथील, आणि कथील दोनशे बत्तीस अंशांना वितळते. आमची भट्टी दोनशे तीसला आणि खाली लाल कांब. परातीची कल्हई पाण्याआधीच पळायची. मग आला न चिकटणारा काळा तवा. त्याच्या थराला सुमारे दोनशे साठ अंशांपलीकडे नेऊ नये असे सांगतात. कांबीच्या डोक्यावर रिकामा तापत ठेवला तर तो तिथवर जाणार नाही ह्याची हमी कोण देणार, आणि करपलेल्या थराचा धूर कोण हुंगणार? शिवाय त्याची मूठ भट्टीत वितळली असती. जर्मनची थाळी हातात घेताच अप्पांनी ती वाकवून दाखवली. स्टीलच्या ताटलीलाही तोच दोष. पातळ पत्रा तापून एकदम 'टण्ण' करून वाकतो आणि उकळते पाणी उडवतो. काचेचे आणखी एक भांडे होते, ते त्यांनी हातातही घेतले नाही.

काचेने दगा दिला म्हणून मी तिला नावे ठेवत होते. लेकीने मला तिचीही बाजू वाचून दाखवली. काच उष्णता लवकर पुढे देत नाही. पाणी पडले की आतले अंग गार होऊन आखडते, बाहेरचे तापलेलेच असते, आणि त्या ओढाताणीत ती फुटते. बोरोसिलिकेट काच साध्या काचेच्या सुमारे एक तृतीयांशच फुगते, म्हणून ती पुष्कळ सोसते. आगगाडीच्या कंदिलांना असली काच लागे. आत ज्योत, बाहेर पाऊस. अमेरिकेत कॉर्निंगच्या काचकारखान्यातल्या लिटलटन नावाच्या शास्त्रज्ञाने १९१३ साली असल्या काचेच्या बरणीचे बूड कापून घरी नेले आणि त्याच्या पत्नीने, बेसीबाईंनी, त्यात केक भाजला. काचेची भांडी भट्टीत गेली ती तिथपासून. १९१५ साली ती पायरेक्स नावाने बाजारात आली. पण केक भट्टीबरोबर हळूहळू तापतो. तापलेल्या रिकाम्या काचेत गार पाणी ओता, असे बेसीबाईंना कोणी सांगितले नव्हते. 'भट्टीत चालेल' हे कोरलेले शब्द खोटे नव्हते. मी त्यांच्याकडून नसलेले वचन वाचून घेतले.

सगळी भांडी बाजूला पडली आणि अप्पांनी भिंतीकडे बोट केले. खिळ्याला बिडाचा तवा टांगलेला होता.

तो आईचा तवा. गड्ड्याच्या जत्रेत घेतलेला. दोन कानांचा, मध्ये किंचित खोलगट, उचलताना मनगटात कळ येईल एवढा जड. आईने त्यावर तीस वर्षे धपाटी लावली. तेल पिऊन पिऊन त्याचे अंग असे झाले होते की त्यात तोंड दिसावे. आई गेली त्याला सहा वर्षे झाली. तिच्या साड्या वाटल्या गेल्या, पाटल्या भावजयीला गेल्या. तवा मी मागून घेतला. त्याला मी पाणी लावत नाही. फडक्याने पुसते आणि टांगते.

"तो नाही, अप्पा," मी म्हणाले. "त्यात पाणी घालून तापवलं तर महिन्यात गंज चढेल."

"चढेल."

"आपण नवा आणू वाफेसाठी."

"नव्याच्या पोटात काय आहे ते तुला दिसतं का? ओततानाच कधी हवा राहते बिडात. हा तीस वर्षं विस्तवावर आहे. पारखलेला आहे." मग थोडे थांबून म्हणाले, "बीडही काचेसारखंच ठिसूळ बरं का. गार पाणी फेकलंस तर तेही तडकेल. पण जाड आहे, उकळतं पाणी सोसेल."

मी काही बोलले नाही. पुष्कळ वेळ कोणीच बोलले नाही. त्यांनी आपल्या डाव्या बाहीचे बटण लावलेले आहे ना, ते उगाच चाचपून पाहिले. मी उठले, खिळ्यावरून तवा काढला आणि नातीच्या नव्हे, अप्पांच्याच हातात दिला.

पुढचा पाव धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी झाला. त्याचे नियम अप्पांचे होते आणि ते अजून आमच्या घरात तसेच चालतात. तवा भट्टी गार असतानाच खालच्या जाळीवर ठेवायचा, भट्टीबरोबर तापू द्यायचा. पाणी वेगळे उकळून घ्यायचे, लांब तोटीच्या किटलीत, आणि अर्धी वाटीच. ओतण्याआधी बटण बंद करून वायर काढायची, कारण आमच्या भट्टीच्या कांबी उघड्या आहेत आणि पाण्याला वीज कळत नाही. दाराच्या काचेवर कोरडे जाड फडके टाकायचे. तापलेल्या काचेवर एक थेंबही तिला तडा द्यायला पुरतो. हातमोजे कोरडे, ओल्या फडक्यातून चटका लगेच पोचतो. बाह्या खाली. दार उघडले की तोंड बाजूला करून तीन आकडे मोजायचे. ओतताना वाकून पाहायचे नाही. दार लावायचे, मग वीज.

"पंधरा मिनिटांनी पुन्हा उघडायचं आणि वाफ जाऊ द्यायची," लेक म्हणाली, "नाहीतर कवच कडक होत नाही."

"लांबून उघड," अप्पा म्हणाले.

तव्याने 'फस्स' केले. मला बेकरीतले ओले गोणपाट आठवले, पोते आठवले, आईच्या मांडीवरचा तुपाचा डबा आठवला. काचेतून दिसत होते: पाव वर येत होता, लेकीने पात्याने दिलेली चीर उमलत होती. बाहेर काढून जाळीवर ठेवला तेव्हा निवताना त्याचे कवच बारीक बारीक तडतडत होते. अप्पा कान लावून ऐकत बसले. त्यांना दात कमी आहेत. कडेचा तुकडा त्यांनी बराच वेळ तोंडात धरला आणि चहा मागितला.

संध्याकाळी तवा निवल्यावर पाहिला. मधोमध राखी रंगाचे वर्तुळ पडले होते आणि कडेला तांबूस रेघ. मी तेलाचा हात दिला. चौथ्या पावानंतर तेल देणे सोडले. तो आता भिंतीवर नसतो, भट्टीच्या तळाशीच असतो. कोणी विचारले तर वाफेचे भांडे म्हणून दाखवतो.

खिळा रिकामा दिसू लागला, म्हणून भाऊबीजेच्या ओवाळणीतून मी नवा बिडाचा तवा आणला. तीनदा तेलात तापवला, कांदा चोळला, शेजारच्या तेलुगू मावशींनी सांगितले तसे सगळे केले. पहिले धपाटे लावले ते असे चिकटले की खरवडून काढावे लागले. दुसरे दोन तुकड्यांत निघाले. अप्पांपुढे मी तेच ठेवले. त्यांनी दह्याशी दोन्ही तुकडे खाल्ले आणि ताट सरकवताना विचारले, "आणखी एक आहे का?"